बाळंतिणीच्या खोलीत टॉर्च

दौलताबादला ज्यांची शाळेची सहल गेली असेल त्यांना तिथली ‘अंधारी’ विसरता येणार नाही. किल्ल्याच्या पोटातला तो वळणावळणाचा काळोखा भुयारी मार्ग, अंदाज न येणाऱ्या पायऱ्या आणि नाकात भरणारा उग्र वास. आमच्या वेळी पुढे एक जण टॉर्च घेऊन चालत होता आणि मागे आम्ही साठ पोरं. कुणीतरी एक किंचाळलं, मग सगळेच किंचाळायला लागलो, कारण किंचाळलं की छत हलायचं. वर लटकलेला वटवाघळांचा काळा घोस एकदम सुटायचा आणि डोक्यावरून सरसरत जायचा. त्या सहलीतली सगळ्यांत मोठी मौज तीच होती. शत्रूला चकवायला खोदलेल्या त्या वाटेत शत्रू म्हणून आपणच शिरलोय, हे काही कुणाला सुचलं नाही.

दुसरी आठवण मौजेची नाही. बऱ्याच वर्षांनंतरची ज्येष्ठातली एक रात्र, सह्याद्रीतला एक किल्ला. (नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण पुढे येईल.) पाऊस गाठणार असं दिसलं म्हणून आम्ही नऊ जण टाक्याशेजारच्या गुहेत शिरलो, तीन दगडांची चूल मांडली, खिचडी टाकली. धूर छताला लागला तशी आतल्या अंगाला फडफड सुरू झाली आणि तासभर थांबली नाही. आम्ही हेडटॉर्च वर मारून फोटो काढले. सकाळी उजाडल्यावर आतल्या बाजूला जमिनीवर अंगठ्याएवढे, गुलाबी, बिनकेसांचे जीव पडलेले दिसले. काही हलत होते. मुंग्या लागल्या होत्या. आमच्यातला एक म्हणाला, “उंदराची पिल्लं दिसतात.” नीट पाहिलं तर त्यांना पंख होते.

तो उंदीर नव्हता, ही गोष्ट पुढच्या सगळ्या म्हणण्याच्या मुळाशी आहे. उंदराची मादी वर्षातून कितीदा तरी विते आणि दर वेताला पाच-सहा पिल्लं टाकते. त्यामुळे उंदीर कितीही मारले तरी दिवाळीपर्यंत पुन्हा घरभर होतात. वटवाघळाच्या बहुतेक जातींत मादीला वर्षाला एकच पिल्लू होतं. तेही जन्मताच आईच्या वजनाच्या पाव हिश्श्याचं, म्हणजे साठ किलोच्या बाईला पंधरा किलोचं मूल व्हावं तसं. आकाराच्या मानाने हा प्राणी फार जगतो. थंड देशांतल्या काही जातींनी तिशी ओलांडल्याच्या नोंदी आहेत. सावकाश वाढायचं, थोडी पिल्लं द्यायची, दीर्घ जगायचं, असा हा हत्तीच्या चालीचा संसार उंदराएवढ्या देहात बसवलेला आहे. एका वर्षाची पिल्लं गेली तर ती तूट भरून निघायला वर्षानुवर्षं लागतात. त्या रात्री आमच्या खिचडीपायी किती गेली, ते मोजायचं धैर्य आम्हाला झालं नाही.

गुहेत राहणाऱ्या पुष्कळ जातींत विण्याच्या वेळी माद्या एका ठिकाणी गोळा होतात. नर बहुतेक वेळा दुसरीकडे पांगलेले असतात. उघड्या अंगाच्या पिल्लाला स्वतःची ऊब धरता येत नाही, म्हणून छताला घुमटासारखा खळगा असलेली, गरम हवा अडकून राहील अशी, दमट आणि वारा न लागणारी जागा लागते. शेकडो अंगं चिकटून लटकली की ती आणखी तापते. आपल्या जुन्या घरांत बाळंतिणीची खोली असायची ती आठवा: माजघरापलीकडची, काळोखी, झडपा लावलेली, शेगडी पेटती ठेवलेली, आणि बाहेरच्या माणसाला दहा दिवस मज्जाव. त्या खोलीत काळोख का, याची चर्चा घरात कधी होत नसे. तो असायचाच. वटवाघळांची निवड तीच आहे. अशा सगळ्या अटी पुऱ्या करणाऱ्या जागा डोंगररांगेत फार थोड्या सापडतात. एखाद्या परिसरात वीस गुहा-भुयारं असली तरी विण्यालायक त्यांतली एखाद-दुसरीच असते. म्हणून “इथे त्रास झाला तर जातील की शेजारच्या गुहेत” हे म्हणणं ऐकायला साधं वाटतं, पण ते बिनबुडाचं आहे.

उजेड पडला, आवाज झाला, धूर आला की माद्या उडतात. काहींना पिल्लू पोटाशी चिकटलेलं असतं, काहींचं छताला एकटं लटकलेलं असतं. गर्दीत, घाईत पिल्लं सुटतात. जमिनीवर पडलेलं पिल्लू आई परत उचलून नेईल याची फारशी आशा नसते. खाली किडे, मुंग्या, साप, मुंगूस असतात. जी पडत नाहीत त्यांचंही नुकसान होतंच, कारण पाजणाऱ्या मादीला रोज रात्री आपल्या वजनाच्या निम्म्याहून जास्त किडे खावे लागतात आणि दिवसाढवळ्या तासभर घिरट्या घालण्यात जी ताकद जाते ती दुधातूनच वजा होते. असं दोन-तीनदा झालं की वसाहत जागाच सोडते. मग कुणी तरी सांगतं, “पूर्वी इथे खूप वाघळं होती हो.” गावोगाव हे वाक्य ऐकलंय. ते म्हणताना कुणाच्या आवाजात खेद नसतो, फक्त माहिती असते.

माझं म्हणणं एवढंच आहे: ज्या गुहेत, लेण्यात, भुयारात वटवाघळं वितात ती जागा त्या काळापुरती माणसाला बंद असावी. वर्षभर नाही आणि सगळ्या गुहा नाहीत. आपल्याकडच्या किडेखाऊ जातींचा विण्याचा हंगाम साधारण एप्रिल ते जुलै, म्हणजे पावसाबरोबर उठणाऱ्या किड्यांच्या सुगीशी जुळवलेला. गुहेत राहणारी फळखाऊ जात वर्षातून दोनदाही विते. तेव्हा तारीख मंत्रालयातून एकच काढून चालणार नाही, ती गुहेगणिक ठरवावी लागेल.

ही कल्पना परकी वाटायचं कारण नाही. जून-जुलैत यांत्रिक होड्या समुद्रात जात नाहीत. मासे वितात म्हणून बंदी असते, आणि कुरकुर करत का होईना, मालवणपासून वसईपर्यंत ती पाळली जाते. पावसाळ्यात ताडोबाचा गाभा पर्यटकांना बंद असतो, तेव्हा कुणी स्वातंत्र्याची गळचेपी झाली म्हणून मोर्चा काढत नाही. वेळासच्या किनाऱ्यावर ‘सह्याद्री निसर्गमित्र’ने 2002 पासून कासवांची घरटी राखली ती गावकऱ्यांच्याच हातून. कासवाचं पिल्लू मात्र देखणं असतं, त्याचा फोटो काढता येतो, त्याचा महोत्सव भरवता येतो. वटवाघळाच्या पिल्लाचा महोत्सव कोण भरवणार?

आपल्या मुलखातली गोम निराळीच आहे. मेघालयासारख्या चुनखडीच्या प्रदेशात पाण्याने कोरलेल्या मैलभर लांबीच्या गुहा असतात. सह्याद्रीच्या काळ्या कातळात तसल्या गुहा होत नाहीत. आपली गुहावासी वटवाघळं बव्हंशी माणसाने खोदलेल्या जागांचे भाडेकरू आहेत: बौद्ध लेणी, किल्ल्यांची कोठारं, कोरडी टाकी, भुयारं, पडकी देवळं. दोन हजार वर्षांपूर्वी कुणा भिक्षूसाठी छिन्नीने खोदलेल्या विहारात आज पाकोळ्या लटकतात. त्यामुळे घराची किल्ली पुरातत्त्व खात्याकडे आणि भाडेकरू वनखात्याचे, असा हा प्रकार. एका खात्याच्या वहीत वटवाघूळ म्हणजे भिंतीवरचा डाग. दुसऱ्या खात्याच्या वहीत ती भिंतच नाही.

पुरातत्त्व खात्याची बाजू खोटी नाही. अजिंठ्याच्या चित्रांवर वटवाघळांनी लटकावं असं कुणी शहाणा म्हणणार नाही. त्यांच्या मूत्राने, विष्ठेने रंग खराब होतात. तिथे जाळीची दारं हवीतच. पण जाळी कधी बसवायची, हा प्रश्न आहे. मे महिन्यात, आत पिल्लं असताना जाळी ठोकली तर आई बाहेर आणि पिल्लू आत, किंवा दोघंही आत. तेच काम हिवाळ्यात, संध्याकाळी सगळी बाहेर पडल्याची खात्री करून केलं तर एकही जीव जात नाही. एवढा फरक कंत्राटाच्या एका ओळीत लिहिता येतो: “काम नोव्हेंबर ते जानेवारी या काळातच करावे.” त्यासाठी पैसा लागत नाही. आणि चित्रं नसलेली, शिल्प नसलेली, कुणी फिरकत नसलेली जी शेकडो लेणी डोंगरात पडून आहेत तिथे जाळी कशाला?

कायद्याने या प्राण्याकडे कसं पाहिलं तेही बघण्यासारखं आहे. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात फळं खाणारी वटवाघळं पाचव्या परिशिष्टात होती, म्हणजे उंदीर, घूस आणि कावळ्याच्या पंगतीत, उपद्रवी म्हणून. पहिल्या परिशिष्टाचा, म्हणजे सगळ्यांत कडक संरक्षणाचा, मान मिळाला तो फक्त दोन जातींना. 2022 च्या दुरुस्तीने उपद्रवींचं परिशिष्टच काढून टाकलं, हे चांगलं झालं. पण कायद्याची नजर अजूनही जातीवर आहे, जागेवर नाही. ब्रिटनच्या 1981 च्या कायद्याने वटवाघळाची विश्रांतीची जागाच संरक्षित धरली. तिथे तुमच्या माळ्यावर वटवाघळं वीत असली तर कौलं बदलायला थांबावं लागतं. आपल्याकडे अभयारण्याच्या हद्दीबाहेरच्या गुहेत कुणी फटाक्यांची माळ लावली तर नेमका कुठला गुन्हा झाला, यावर वनरक्षक आणि पोलीस दोघंही डोकं खाजवतील.

त्या दोन मानकऱ्यांपैकी एक आपल्या अगदी शेजारचा आहे. बेळगाव जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यात, म्हादईच्या उगमाच्या मुलखात, तळेवाडीजवळ बारापेडे नावाच्या गुहा आहेत. लंडनचे प्राणिशास्त्रज्ञ ओल्डफील्ड थॉमस यांनी 1913 मध्ये तिथल्या एका मोठ्या कानांच्या, मोकळ्या शेपटीच्या वटवाघळाचं वर्णन केलं आणि रॉटन या निवृत्त वनाधिकाऱ्याचं नाव त्याला दिलं. मुंबईच्या नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या सस्तन प्राण्यांच्या पाहणीतला तो शोध. पुढे कित्येक दशकं अख्ख्या जगात या जातीचा ठावठिकाणा म्हणजे ही एवढी एकच जागा होती. नंतर मेघालयातल्या गुहांत आणि कंबोडियात ती सापडली. 2011 मध्ये याच मुलखात भीमगड अभयारण्य जाहीर झालं तेव्हा त्या जाहीरनाम्यामागे या वटवाघळाचाही वाटा होता. ज्याला सगळे भुतांचा सोयरा म्हणतात त्या प्राण्याच्या नावाने एक जंगल राखलं गेलं, याची खरं तर खानापूरकरांनी फुशारकी मारायला हवी.

पण अभयारण्याची पाटी लागली म्हणजे गुहा राखली गेली असं होत नाही. तिच्या तोंडाशी कोण जातं, कधी जातं, किती वेळ थांबतं, हे कुणी तरी रोज पाहावं लागतं. आणि लोखंडी दार लावून मोकळं होण्याचा मोह तर अजिबात नको. मोकळ्या शेपटीच्या जाती गुहेतून निघताना आधी खाली झेपावतात, वेग घेतात, मग उडतात. त्यांना मोकळं, रुंद तोंड लागतं. तिथे गज बसवले की ती जागा सोडतात. दुसऱ्या काही जाती आडव्या पट्ट्यांचं दार चालवून घेतात, पट्ट्यांत साधारण 15 सेंटीमीटरची फट हवी. म्हणजे संरक्षणाच्या नावाखाली लावलेलं दार एका जातीला आधार आणि दुसरीला फास. आपल्या सरकारी कामाची रीत पाहता एकाच मापाची चारशे दारं एकदम ऑर्डर होतील ही भीती मला आहेच.

आता महाबळेश्वर. तिथल्या ‘रॉबर्स केव्ह’मधल्या वटवाघळांचे नमुने पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने मार्च 2020 मध्ये घेतले आणि त्यांत निपाह विषाणूच्या संसर्गाच्या खुणा सापडल्याचं 2021 मध्ये प्रसिद्ध झालं. कोविडचा काळ. व्हॉट्सअॅपवर एकच गिल्ला झाला: धूर करा, गुहा बुजवा, मारून टाका. महाराष्ट्रात तेव्हा निपाहचा एकही माणूस रुग्ण नोंदलेला नव्हता, पण भीतीला आकडे लागत नाहीत.

मला या भीतीची टर उडवायची नाही. वटवाघळांपासून माणसाला रोग होऊ शकतात, हे खरंच आहे. 2008 मध्ये युगांडातल्या एका गुहेत फिरायला गेलेली एक डच पर्यटक मारबर्ग विषाणूने गेली. प्रश्न आहे तो उपायाचा. त्याच युगांडात किटाका नावाच्या खाणीत 2007 मध्ये खाणकामगारांना मारबर्गची लागण झाली, तेव्हा लोकांनी तिथली फळखाऊ वटवाघळं जवळपास संपवली. काही वर्षांनी थोडी परत आली. 2012 मध्ये त्याच भागात पुन्हा साथ आली, आणि शास्त्रज्ञांनी परत आलेल्यांची तपासणी केली तेव्हा संसर्ग असलेल्यांचं प्रमाण आधीच्या अडीचपट निघालं. बहुधा जुनी, रोगाला सरावलेली पिढी मारली गेली आणि तिच्या जागी बाहेरून नवी, कोरी वटवाघळं आली. ही जात आपल्या महाबळेश्वरच्या फळखाऊ वटवाघळाची चुलत बहीण आहे. म्हणजे निपाहला भिणाऱ्या माणसाने गुहेत धूर करू नये. त्याने गुहेत पाऊलच टाकू नये. रोगाला भिणारे आणि वटवाघळांना जपणारे शेवटी एकाच दाराशी येऊन थांबतात.

इथवर आल्यावर वटवाघळांचे उपयोग सांगायची रीत आहे. थायलंडमध्ये हिशेब झालाय की तिथली एक गुहावासी जात भातावरचे पांढऱ्या पाठीचे तुडतुडे खाऊन वर्षाला सुमारे 26 हजार माणसांचं अन्न वाचवते. ती जात भारतातही आहे. तुडतुड्यांनी करपलेलं खाचर ज्याने पाहिलंय त्या भातवाल्याला यातलं मोल वेगळं सांगायला नको. पण मला हा युक्तिवाद मनापासून आवडत नाही. उपयोग दाखवल्याशिवाय आपण कुणालाच जगू द्यायला तयार नसतो, अगदी घरातल्या म्हाताऱ्यांनासुद्धा.

खरा विरोध येणार तो माझ्याच जातकुळीतून, ट्रेकर मंडळींकडून. “किल्ले महाराजांचे आहेत, आमचे आहेत, तिथे राहायला परवानगी कसली मागायची?” हा प्रश्न मीही एके काळी छाती काढून विचारला आहे. आता वाटतं, गडावर रात्र काढायला गुहाच कशाला हवी? तंबू आहेत, पायथ्याची देवळं आहेत, गावात घरं आहेत, आणि तिथे दोनशे रुपये दिले तर पिठलं-भाकरी मिळते, गावाला चार पैसेही. जुलै 2025 मध्ये रायगड, राजगड, साल्हेर, लोहगड यांच्यासह बारा किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले. त्यांतले अकरा महाराष्ट्रातले. आता तिथे व्यवस्थापनाचे आराखडे होतील, दिवे लागतील, रेलिंग येतील, ध्वनी-प्रकाशाचे खेळ सुचवले जातील. हे कागद होत असतानाच प्रत्येक गडावरच्या कोणत्या भुयारात, कोठारात वटवाघळं वितात, याची एक नोंद त्यात जायला हवी. एकदा फोकस लाइट बसला की तो काढायला कुणी येत नाही.

गुहेतल्या देवाचं काय, असाही प्रश्न येईल. यात मला अडचण कमीच दिसते. देव बहुधा दर्शनी भागात असतो आणि वाघळं आतल्या काळोखात. पिढ्यान्‌पिढ्या दोघं शेजारी नांदले आहेत. तिथल्या गुरवाला विचारा, पिल्लं कधी दिसतात ते तो महिन्यासकट सांगेल. त्याच्या समईने वटवाघळांचं काही बिघडत नाही. बिघडतं ते गाभाऱ्यामागे ट्यूबलाइट आणि लाउडस्पीकर नेल्यावर.

आणि जागांची नावं. बारापेडे, दौलताबाद, महाबळेश्वर ही नावं मी लिहिली कारण ती आधीच जगजाहीर आहेत. बाकीची सांगत नाही, आणि ज्यांना माहीत आहेत त्यांनीही सांगू नयेत. एका रीलखाली लोकेशनची टाचणी लागली की पुढच्या शनिवारी चाळीस गाड्या येतात. पक्षी पाहणाऱ्यांत घरट्यांची जागा जाहीर न करण्याची शिस्त आता बऱ्यापैकी रुजली आहे. तीच इथे आणायला हवी. नोंद वनखात्याकडे असावी, ग्रामपंचायतीकडे असावी, नकाशावर नसावी.

वाघळं पाहायचीच असतील तर ती बाहेरून पाहावीत. टेक्सासमधल्या ब्रॅकन गुहेत दीड कोटीहून जास्त माद्या-पिल्लं असतात. तिथे लोक संध्याकाळी बाहेर बसून त्यांचा लोंढा निघताना पाहतात. आत कुणी शिरत नाही. आपल्याकडे गावातल्या दोन पोरांना हंगामापुरतं मानधन देऊन संध्याकाळी गुहेच्या तोंडाशी बसवलं तर राखणही होईल आणि मोजणीही. बंदी पाळली जाते ती पाटीमुळे नाही, तिथे बसलेल्या ओळखीच्या माणसामुळे.

गेल्या ज्येष्ठात आमच्या ट्रेकच्या ग्रुपवर मी सुचवलं की या वेळी मुक्काम त्या गुहेत नको, खालच्या देवळात करू. दोघांनी लगेच नाव काढून घेतलं. एकाने लिहिलं, “आता काय वाघळांची पण परवानगी घ्यायची का?” उरलेले सहा जण संध्याकाळी गुहेपासून पन्नास-साठ पावलांवर, वाऱ्याच्या उलट बाजूला बसलो. टॉर्च बंद, मोबाइल खिशात. साडेसातच्या सुमाराला पहिलं एक बाहेर आलं, एक गिरकी घेऊन परत आत गेलं. मग एकेक, मग दोन-दोन, मग एकदम वावटळीत पाचोळा उठावा तशी. मी मोजायला लागलो. तीनशे बारापर्यंत आकडा लागला, पुढे काळोख इतका दाट झाला की दिसेना, नुसती कानाजवळून हवा हलत होती.